बॉनेटवरचा अंगठा

दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी दर शनिवारी दहाच्या ठोक्याला येते. दगडी पाटीच्या रंगाची, आणि पाटीसारखीच कोरडी दिसणारी. नवख्याला वाटतं, धूळ बसलीय, एक फडकं मारलं की लखलखेल. ते फडकं कुणी मारू नये म्हणून आमच्या वॉशिंग सेंटरवर मी आहे.

"ही गाडी रुसलेली आहे," फेसकाका म्हणतात. फेसकाका आमच्याकडचे सगळ्यात जुने. फेस मारायची बंदूक वीस वर्षं त्यांच्याच हातात, म्हणून हे नाव. "रुसलेल्या माणसाला जितकं कुरवाळावं तितकं ते बिथरतं. तिच्याशी बेताने वागायचं."

गाडीला मॅट रंग आहे, एवढंच. वरचा थर इतका बारीक खरखरीत असतो की बोटांना कळत नाही, पण उजेडाला कळतो. उजेड त्याच्यावर पडतो आणि विखरून जातो, म्हणून गाडी चमकत नाही. घासलं की खरखर झिजते, तेवढी जागा गुळगुळीत होते आणि चमकायला लागते. साध्या गाडीला चमक आली की गिऱ्हाईक खूश. हिच्यावर चमक म्हणजे डाग. साध्या गाडीचा ओरखडा पॉलिशने घालवता येतो, ही चमक मात्र कशानेच जात नाही. म्हणून हिला ब्रशचं मशीन नाही, मेण नाही, पॉलिश नाही. सावलीत उभी करायची, बॉनेट गार होऊ द्यायचं. आधी नुसतं पाणी, लांबून. मग मेण नसलेला शाम्पू. बादल्या दोन: एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला पाणी, म्हणजे एका दाराची माती दुसऱ्या दाराला लागत नाही. मोजा सरळ रेषेत फिरवायचा, त्याच्या स्वतःच्या वजनाने जाईल तेवढाच. शेवटी टॉवेल पसरायचा, वर तळवा ठेवायचा आणि उचलायचा. ताप आलेल्या लेकराचं अंग टिपतो तसं. एखादा किडा चिकटून वाळला असेल, पक्ष्याने प्रसाद दिला असेल, तर तिथे ओलं फडकं दहा मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं. डाग आपण होऊन सुटतो. या दहा मिनिटांना माझ्या कामात फार मान आहे. भिंतीवर माझ्याच हातची पाटी आहे: 'टिपा. घासू नका.'

सेंटर माझ्या सख्ख्या मावशीचं. लग्नाआधीपासून मी तिच्याकडे काम करते. मावशीला चमक आवडते. तिच्या घरचे नळसुद्धा आरशासारखे असतात. आयुष्यात कुठलीच गोष्ट तिला न घासता सोडता आलेली नाही, माणसंसुद्धा. त्यामुळे मॅट गाडी आली की ती स्वतःच चार पावलं लांब उभी राहते आणि हात पाठीमागे बांधते. "मला बाई बघवत नाही. विधवेसारखी दिसते," एकदा म्हणाली होती. "आणि खबरदार, हे गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर."

गुंडी झाल्यावर मी सात महिने घरी होते. गुंडी म्हणजे माझी मुलगी. दिसेल ते बटण तोंडात धरते म्हणून गुंडी. तिचा बाबा बस चालवतो, पहाटे जातो तो दुपारी उगवतो. घरी तिसरं माणूस नाही. परत कामावर येऊ का, असं मावशीला विचारायला गेले तेव्हा ती गुंडीला मांडीवर घेऊन तिची नखं तपासत होती.

"टॉवेलांच्या खोलीत पाळणा लाव," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. इथे असताना नजर आधी गाडीवर, मग पोरीवर. जमणार असेल तर ये. एक गाडी बिघडली की पाळण्यासकट घरी. भाची म्हणून सूट नाही."

"जमेल."

"सगळ्याच असं म्हणतात."

मला जमवायचंच होतं. घरी बसून माझा जीव विटला नव्हता, असं नाही म्हणणार. पण तेवढंच कारण नव्हतं. मला एक काम येतं, चांगलं येतं, आणि ते करताना माझे हात मला ओळखीचे वाटतात. बाळंतपणानंतर अंगातलं बाकी फारसं काही ओळखीचं राहिलं नव्हतं.

तीन शनिवार नीट गेले. चौथ्या शनिवारी मावशी सकाळीच शाम्पूचे डबे आणायला गेली. डॉक्टरीणबाई दहाला गाडी ठेवून गेल्या, साडेअकराला नेणार होत्या. त्यांचा दवाखाना पलीकडच्या चौकात. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. समोरच्याशी बोलताना त्याच्या दातांकडे बघतात. त्यांच्यासमोर मी कायम ओठ मिटून हसते.

गुंडी तेव्हाच झोपली होती. ती झोपली की सव्वा तास माझा, असा आमचा अलिखित करार. मी गाडी धुतली, पाणी मारलं, टपापासून टिपत खाली आले. पुढची दारं झाली. बॉनेट टिपून होत आलं आणि डाव्या दिव्याच्या वर मला वाळलेला किडा दिसला. मोज्याखालून निसटलेला. मी ओलं फडकं आणायला वळले आणि गुंडीने कराराचा भंग केला.

बाळाच्या रडण्याचे प्रकार असतात. हे 'कुणी आहे का' असं विचारणारं रडणं नव्हतं. हे 'मी पडतेय' सारखं होतं. नंतर बघितलं तर नुसता पाय पाळण्याच्या जाळीत अडकला होता, पण ते नंतर. ऐकताक्षणी माझ्या छातीत दूध उतरलं, सदरा भिजला. मागची दोन दारं अजून ओली. तशीच सोडून गेले तर पाण्याचे डाग पडणार. फेसकाका बाहेर दुसऱ्या गाडीवर, पाण्याच्या आवाजात त्यांना हाक ऐकू जाईना. दहा मिनिटं मान देऊन थांबायला माझ्याकडे दहा सेकंदही नव्हते.

माझ्या खांद्यावर गुंडीचं दूध पुसायचं फडकं होतं. दिवसभर असतंच, ते आहे हे मी विसरूनही गेलेली असते. मी त्याचं टोक जिभेला लावलं, आत अंगठा घातला आणि किडा खसाखसा घासून काढला. गुंडीच्या हनुवटीवर वाळलेलं केळं काढते, अगदी तसा. दिवसातून आठ वेळा करते ते. हाताने डोक्याला विचारलंच नाही.

मग मागची दारं टिपली, धावत गेले, पाय सोडवला, तिला पाजलं. ती पिता पिता पुन्हा झोपली. आणि त्या शांततेत मला माझा अंगठा आठवला.

बॉनेटसमोर उभं राहिलं तर काही दिसत नव्हतं. मी दिव्याच्या बाजूला गेले, मान वाकडी केली. तिथे होता. अंगठ्याएवढा, अंगठ्याच्याच आकाराचा, एका बाजूला निमुळता. सगळ्या बॉनेटभर एकच चकचकीत ठिपका. मी त्याच्यावर पाणी टाकलं, टिपलं. शाम्पू लावला, टिपलं. तो मजेत होता.

फेसकाका आले. त्यांनी बघितलं, चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा बघितलं.

"कुणी केलं?"

मी अंगठा दाखवला.

"अरे देवा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." ते भिंतीवरच्या पाटीकडे बघत म्हणाले आणि माझं तोंड बघून पुढचं गिळलं. "बरं, रडू नकोस. त्या गाडीवर पडेल."

"मी रडत नाहीये."

"छान. मग ऐक. आजूबाजूला थोडं थोडं घासून सगळं सारखं करता येईल?"

"काका! मग अख्खं बॉनेट चमकेल."

"तेही खरं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग असं कर. काहीच करू नकोस. तुला मान वाकडी करून शोधावं लागलं. बाई गाडीत बसणार, चावी फिरवणार, जाणार. दिसलं तर दोन महिन्यांनी दिसेल. त्यांच्या दवाखान्यासमोर शंभर लोक जातात-येतात, कुणीही टेकून उभं राहिलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मावशी?"

"तुझ्या मावशीला या गाडीकडे बघवतच नाही. तिला कोण सांगणार? मी तर मुका आहे." ते थांबले, टॉवेलांच्या खोलीकडे बघितलं. "पोरगी इथे रुळलीय गं. मलाही सवय झालीय तिची."

खरं सांगायचं तर मी ऐकलं त्यांचं. पूर्ण पाऊण तास मी काहीच न सांगायचं ठरवून बसले होते. टॉवेल धुवायला टाकले. बादल्या उपड्या केल्या. पाटीवरची धूळ झटकली आणि झटकताना पाटी वाचली. पण मला नडली ती पाटी नाही. मला नडलं ते पुढच्या शनिवारचं चित्र. मी या बॉनेटवर टॉवेल पसरणार, वर तळवा ठेवणार, आणि त्याच्याखाली तो अंगठा असणार. त्याच्या पुढच्या शनिवारीही. ज्या कामात माझे हात मला ओळखीचे वाटतात त्यात दर आठवड्याला एक जागा अशी, जिथून मी नजर चुकवून जाणार. मग हे काम ठेवून मी काय ठेवलं?

साडेअकराला डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग शाम्पूचे डबे घेऊन मावशी. एकेक करून आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"झाली ना?" मावशी फाटकातूनच गरजली. हातातल्या डब्यासकट हात पाठीमागे घेऊन गाडीपासून चार पावलांवर उभी राहिली. "बघा डॉक्टर. आमच्या पोरीचा हात म्हणजे कापूस."

"डॉक्टर," मी म्हणाले, "इकडे येता का, दिव्याच्या बाजूला. इथून दिसतं."

त्या आल्या. मी बोट दाखवलं. लांबूनच, कारण बोट लावायची हिंमत नव्हती. त्या वाकल्या, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. रोज लोकांच्या तोंडात असंच बघत असणार.

"हे कशाने झालं?"

"माझ्या हाताने. किडा वाळला होता. भिजवून काढायचा असतो. मी घासला."

"तुम्ही?"

"बाळ रडत होतं. मी तिचं तोंड पुसते तसं... फडक्याला थुंकी लावून."

"थुंकी लावून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मागे फेसकाकांना जोराचा खोकला आला.

मावशीच्या हातातला डबा खाली टेकल्याचा आवाज झाला.

"आठवड्यात पन्नास जणांना सांगते मी," डॉक्टरीणबाई ठिपक्याकडेच बघत म्हणाल्या, "ब्रश दाबून घासू नका, झिजलेलं परत येत नाही. हे तसंच आहे का?"

"तसंच. तेवढाच ठिपका रंगवता येत नाही. अख्खं बॉनेट पुन्हा रंगवावं लागतं. आणि बाकी गाडीशी रंग जुळेलच असं नाही. मॅटमध्ये जरा जरी इकडेतिकडे झालं तरी दिसतं."

"रंगवायचा खर्च आमच्याकडे लागला," मावशी म्हणाली.

"बघते. विचार करून सांगते." त्या गाडीत बसल्या, चावी फिरवली, गेल्या. फेसकाका म्हणाले होते अगदी तसंच, फक्त माझी मूठ उघडी.

मी टॉवेलांच्या खोलीत जाऊन गुंडीचे कपडे पिशवीत भरायला लागले. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"काय करतेयस?"

"तूच म्हणाली होतीस. पाळण्यासकट."

"मी काय काय म्हणते ते सगळं लक्षात ठेवायला तुला वेळ आहे आणि दहा मिनिटं फडकं ठेवायला नाही." ती आत आली, झोपलेल्या गुंडीकडे बघत राहिली. "मला फोन का नाही केलास?"

"केला असता तर काय करायचं ते तू ठरवलं असतंस."

"हो मग! मालकीण आहे मी."

"पण हात माझा होता."

तिने पिशवीतलं एक झबलं काढलं, घडी चुकली होती ती नीट केली, परत ठेवलं. "शनिवारपर्यंत साध्या गाड्या धू. शनिवारी ती गाडी आली तर बघू."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर गाव बोलेल, मावशीकडे मॅट गाड्या बिघडतात. मग तुला ठेवून मी काय करू, सांग." हे तिने रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती.

तो आठवडा मी साध्या गाड्या घासल्या. मनसोक्त घासल्या. घरी गुंडीच्या बाबाने विचारलं, "काय म्हणतेय मावशी?" मी म्हटलं, "शनिवार." त्याने पुढे विचारलं नाही. फक्त शुक्रवारी संध्याकाळी स्वतः गुंडीला केळं भरवलं आणि तिचं तोंड टिपून टिपून पुसलं. अर्धं केळं तिच्या कानामागे राहिलं, पण टिपलं खरं.

शनिवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. फेसकाका फाटकाशी विनाकारण फेस मारत होते. साडेदहाला मावशी म्हणाली, "पाण्याचं मीटर पळतंय, बंद करा ते." पावणेअकराला मी दोन्ही बादल्या उपड्या केल्या.

अकराला गाडी आत आली.

डॉक्टरीणबाई उतरल्या. बॉनेट तेच होतं. मी दिव्याच्या बाजूला न जाताही मला कळलं.

"रंगवाल्याकडे गेले होते," त्या म्हणाल्या, "म्हणून उशीर. तोही म्हणाला, जुळेल याची खात्री नाही. दोन रंगांची गाडी मला नको. त्यापेक्षा अंगठा परवडला." मग माझ्याकडे वळल्या. "तो आणखी एक म्हणाला. पेट्रोलच्या झाकणाखाली अशीच एक चमकणारी जागा आहे, तळहाताएवढी. ती तुमची नाही. पेट्रोल सांडलं की मी रुमालाने पुसते, खसाखसा."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "पहिल्या शनिवारीच दिसली होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आणि... तुम्ही दातांकडे बघता ना, तसं. सगळं दिसतं म्हणून सगळं बोलून दाखवतो का आपण?"

त्यांनी माझ्या दातांकडे बघितलं. "खालचे दोन किडलेत तुमचे. मी बोलले नव्हते." आणि त्या हसल्या. मला पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले. पुढचा एक जरा वाकडा होता. "माझी एक अट आहे. माझी गाडी धुताना बाळ रडलं तर गाडी सोडून जायचं."

"ओली सोडली तर डाग पडतात, डॉक्टर."

"मग दुसरं कुणीतरी टिपेल."

सगळ्यांनी फेसकाकांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले, कोपरापर्यंत फेस. मग हळूहळू सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. ती चार पावलांवर उभी होती, हात पाठीमागे.

"माझ्याकडे काय बघताय?" मावशी म्हणाली. "मला बघवतसुद्धा नाही ती."

डॉक्टरीणबाईंनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

"बरं बाई, टिपीन. त्यात काय एवढं. टिपणं म्हणजे काय, आळशी माणसाचं पुसणं."

त्या दिवशी बॉनेटवर पाणी असतानाच गुंडी उठली. मी टॉवेल मावशीच्या हातात दिला आणि गेले. पाळण्याजवळ बसून पाजताना दारातून मला तिची पाठ दिसत होती. तिने टॉवेल पसरला. तळवा ठेवला. तळवा नकळत पुढे सरकायला लागला.

"मावशी!"

"नाही घासत गं! टेकलाय नुसता!"

"उचल."

"उचलते. ओरडू नकोस, पोरगी दचकेल." तिने उचलला, पुढे ठेवला, उचलला. डाव्या दिव्याशी आली तेव्हा थांबली, मान वाकडी केली, बराच वेळ बघत राहिली. मग त्या जागेवर टॉवेल ठेवला, बाकी जागी ठेवला होता तसाच, आणि उचलला.

गुंडीचं पिऊन झालं. तिच्या गालावर सकाळचं केळं वाळलं होतं. खांद्यावरचं फडकं मी जिभेपर्यंत नेलं आणि थबकले. ती माझ्या सदऱ्याचं बटण तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. मग मी अंगठा फडक्यात घातला आणि गाल खसाखसा पुसला. ती हसली. गालाला चमक आली, ती मी येऊ दिली.